जपानी गाणी आणि माझे हलणारे ओठ

लिहिणं हे आमच्या घरातलं काम नव्हे. घरात पेन असायचं ते सहीपुरतं, आणि तेही बहुतेक वेळा शोधावं लागायचं. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिलाच, पण तेवढ्यानं लिहायचा हक्क मिळतो असं मला वाटत नाही. म्हणून वाचणाऱ्यांची आधीच माफी मागतो. त्यातून मी लिहिणार आहे गाण्यांबद्दल, आणि मला गाता येत नाही. शिवाय जपानी भाषेबद्दल, जी मला अजून धड बोलता येत नाही. इतकं काही न येणाऱ्या माणसानं गप्प बसलेलं बरं. पण ते दिवस माझ्या मनात झोपेतून नुकतं उठल्यासारखे राहिले आहेत, अर्धे आठवतात, अर्धे निसटतात. सगळेच निसटायच्या आत लिहून ठेवावेत, एवढाच हेतू आहे.

मी विदर्भातल्या एका लहान गावचा. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि पुण्याजवळ मांजरीला मामेभावाबरोबर एका खोलीत राहायचो. भाऊ कारखान्यात कामाला. खोलीच्या एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींचं बांधकाम. मधल्या रस्त्यावर सकाळी उसाचे ट्रॅक्टर आणि सिमेंटच्या गाड्या एकमेकांना वाट देत उभ्या असायच्या. शनिवारी आणि रविवारी दुपारी मी बसनं शनिपाराला उतरून नारायण पेठेत चालत जायचो. तिथे एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा जपानीचा वर्ग भरायचा.

जपानी का, असं सगळेच विचारतात. आमच्या कॉलेजातला एक मोठा मुलगा चाकणच्या एका कंपनीत दुभाष्या म्हणून लागला होता. तो म्हणाला होता, "मराठी माणसाला ही भाषा जड जात नाही. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. जपानीची परीक्षा पास हो, मी साहेबांशी बोलतो. शिकाऊ म्हणून तरी घेतील." मी परीक्षेला बसलो. वाचायचा भाग आणि व्याकरण चांगलं गेलं. पण त्या परीक्षेत प्रत्येक भागात किमान गुण मिळवावेच लागतात, आणि ऐकण्याच्या भागात मला ते मिळाले नाहीत. म्हणजे सगळ्यातच नापास.

फोनवर बाबा रागावले नाहीत. ते म्हणाले, "अजून एक डाव देऊन पाहाय. नाही जमलं तं वापस ये. तालुक्याच्या कृषी केंद्रात माणूस पाहिजे त्याहिले. मी बोलून ठेवलं हाये."

त्यात वाईट काही नव्हतं. कृषी केंद्रातली नोकरी आमच्याकडे चांगली समजतात, सावलीतलं काम. बाबा स्वतः आयुष्यभर कापसाच्या जिनिंगमध्ये धुळीत राबलेले. पण मला पुण्यात राहायचं होतं आणि ही भाषा सोडायची नव्हती. आता सगळं एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं. डिसेंबरातल्या परीक्षेत मला ऐकता यायला हवं होतं.

आमच्या बाई त्या पेठेतच वाढलेल्या, तरुणपणी काही वर्षं जपानमध्ये राहिलेल्या. सगळ्यांना, अगदी शाळकरी मुलांनासुद्धा, 'आपण' म्हणायच्या, आणि त्या 'आपण'ची आम्हाला भीती वाटायची. ऐकणं शिकवण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती, आणि ती गाण्यांवर चालायची. जुनी शास्त्रोक्त गाणी नव्हेत. तिकडे घराघरांत, दुकानांत, टॅक्सीत वाजतात ती साधी लोकप्रिय गाणी. टेबलावर एक काळा स्पीकर होता, त्यावर कशिदा काढलेला रुमाल. रुमाल निघाला की आम्ही समजायचो. मग बाई स्वतः उठून खिडकी लावायच्या आणि पंखा बंद करायच्या, कारण पंख्याच्या आवाजात शब्दांची टोकं बुडतात असं त्यांचं म्हणणं.

"बाई, उकडतंय हो फार."

"उकडू दे. कानाला घाम येत नाही. पेनं खाली, डोळे बंद. झोप लागली तरी हरकत नाही, घोरू नका."

पहिल्यांदा गाणं असं ऐकायचं, हातात काही न घेता. मग बाई अर्थ विचारत नसत. त्या विचारायच्या, कोण गातंय? कुणाला उद्देशून? घरात की बाहेर? सकाळ आहे की संध्याकाळ? उत्तर चुकलं तर चालायचं, पण असं का वाटलं ते सांगावं लागे. दुसऱ्यांदा गाणं लागलं की आमच्यापुढे कागदाच्या पट्ट्या यायच्या, एकेका पट्टीवर एकेक ओळ, सगळ्या विस्कटलेल्या. त्या ऐकत ऐकत ओळीनं लावायच्या. तिसऱ्यांदा पूर्ण गाणं छापलेलं मिळे, मधले शब्द गाळून. आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी ते गाणं एकत्र म्हणायचं. त्याआधी गुणगुणायलाही बंदी होती.

"आपण इथे ऐकायला आला आहात. गायला शहरात इतर जागा आहेत."

पहिल्याच दिवशी बाईंनी मला विचारलं, हे कुणाला उद्देशून आहे? मी म्हणालो, "देवाला." मला खरंच तसं वाटलं होतं. आमच्या गावात जी गाणी मी मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकली ती सगळी देवालाच उद्देशून होती. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

"देवाशी एवढ्या घाईनं कोणी बोलत नाही. ही बाई बस पकडते आहे. पुढे."

माझ्या शेजारी एक मुलगी बसायची, आयटी कंपनीत नोकरी करणारी, सदाशिव पेठेतली. ती हळूच म्हणाली, "टेन्शन नको घेऊस. मला तर वॉशिंग मशीनची अ‍ॅड वाटली."

डोळे मिटून ऐकायच्या त्या दुपारी मला अजून आठवतात. बंद खोलीतली गरम हवा, खडूचा वास, खालच्या दुकानातून वर येणारा उदबत्तीचा वास, आणि त्यात एक अनोळखी आवाज. सुरुवातीला शब्द असे नसायचेच. पाण्याखालून कुणी बोलत असावं तसं वाटायचं. मग मध्येच एखादा ओळखीचा शब्द वर यायचा, 'वारा' किंवा 'उद्या', आणि परत बुडायचा. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोलांचा सराव चालायचा, त्याचे ठोके बंद खिडकीतूनही यायचे. कुणी तक्रार केली तर बाई म्हणायच्या, "परीक्षेत शेजारचा खोकणारच आहे. त्याची सवय करा."

परतीच्या बसमध्ये मी तीच गाणी कानात घालून बसायचो. स्वारगेट मागं पडायचं, हडपसरची गर्दी यायची, मग ऊन उतरतीला लागलेलं आणि उसाचे तुरे. गाणं संपल्यावर इयरफोन काढला तरी थोडा वेळ कान त्या भाषेतच राहायचे. कंडक्टर सुट्ट्यांवरून कुणावर तरी ओरडत असायचा आणि मला ते एखाद्या गाण्याचं कडवं वाटायचं. आता समजेल, आता समजेल असं वाटत राहायचं. पुढच्या बाकावरच्या दोघी बायका बोलत असायच्या, आणि त्या मराठीतच बोलताहेत हे ध्यानात यायला क्षण लागायचा. कितीदा तरी मी मांजरीचा थांबा चुकवून पुढे गेलो. असं चालत परत यायला मला आवडायचं.

पण आवडणं वेगळं आणि गुण मिळणं वेगळं. वर्गातल्या सराव परीक्षेत मी पुन्हा मागेच होतो. पहिलं वाक्य कळायचं, दुसरं निसटायचं, तिसरं कळायचं. दात पडलेल्या कंगव्यासारखं. बाकीच्यांना वाटलं माझे शब्द कमी पडतात. मीही रात्रंदिवस शब्द पाठ करायला लागलो. काही उपयोग झाला नाही.

कारण बाईंनी शोधलं. आम्ही डोळे मिटून ऐकायचो तेव्हा बाई डोळे उघडे ठेवून आमच्याकडे पाहायच्या, हे आम्हाला माहीत नव्हतं. एका रविवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. शेजारची मुलगीही थांबली, आगाऊपणानं.

"गाणं चालू असताना आपण काय पुटपुटता?"

"काही नाही, बाई."

"मग ओठ कशासाठी हलतात? स्तोत्र म्हणता?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, बहुतेक तीच ओळ म्हणत असेन. आणि असं म्हणताना मला त्यामागचं कारण दिसलं. आमच्या गावी गुरुवारी मारुतीच्या देवळात भजन होतं. बुवा खंजिरीवर एक ओळ म्हणतो आणि मागे बसलेले लोक तीच ओळ उचलून धरतात, त्याला झील धरणं म्हणतात. बाबा त्या मंडळात कायम झील धरणारे. मी लहानपणापासून त्यांच्या मांडीला टेकून बसलेलो, आणि त्यांच्यामागून तीच ओळ मीही म्हणायचो. गाणं ऐकायचं म्हणजे प्रत्येक ओळ आपणही म्हणायची, एवढंच मला माहीत होतं. हे सगळं मी बाईंना अडखळत सांगितलं.

बाई म्हणाल्या, "आपल्या गावचा बुवा सभ्य गृहस्थ आहे. झील होईपर्यंत थांबतो. हे लोक थांबत नाहीत. आपण एक ओळ म्हणत बसता, तोवर ते पुढची म्हणून मोकळे झालेले असतात."

त्यांनी कपाटातून डबी काढली आणि माझ्या हातावर खडीसाखरेचा खडा ठेवला. "पुढच्या वेळी गाणं लागलं की हा तोंडात. विरघळेपर्यंत ओठ उघडायचे नाहीत."

"हे अनफेअर आहे, बाई. मलापण हवी," शेजारची म्हणाली.

"आपले ओठ गाणं चालू असताना हलत नाहीत, एरवी हलतात. त्याला खडीसाखर पुरायची नाही."

तेव्हापासून माझी जपानी गाणी गोड झाली. जिभेवर खडा, डोळे बंद, आणि कुठल्या तरी बंदरगावातला वारा. ओठ थांबले. पण आत कुठेतरी ती ओळ परत म्हटली जातच होती, आवाज न करता. बाईंना ते सांगायचा मला धीर झाला नाही. सराव परीक्षेतले गुण थोडे वाढले, पुरेसे नाहीत. तशातच दिवाळी आली आणि मी गावी गेलो.

पाडव्याच्या संध्याकाळी बाबा ओट्यावर बसले होते. आई आत फराळाचे डबे लावत होती. बाबांनी विचारलं, "काय शिकवते तुमची बाई?"

"गाणी."

"गाणे? मंग इतक्या दूर कायले गेला? गाणे तं इथंबी होते."

"जपानी गाणी, बाबा."

"लाव बरं एखादं."

मी फोन स्टीलच्या पेल्यात ठेवला, म्हणजे आवाज मोठा येतो. त्या महिन्यात वर्गात जे गाणं चालू होतं तेच लावलं. पुरुषाचा आवाज, संथ. पहिली ओळ झाली तसं मी गाणं थांबवून बाबांना शब्दांचे अर्थ सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"थांबवू नको बे. त्या मानसाले म्हणू दे ना. त्याचं झालं का मंग सांग."

मी परत सुरुवातीपासून लावलं आणि हात मांडीवर ठेवून बसलो. बाबांनी डोळे मिटले. दुसऱ्या कडव्यापर्यंत ते ओळीच्या शेवटी हुंकार भरायला लागले होते, शब्दांशिवाय, अगदी सुरात. झील बाबांनी धरली होती. मला कुणाच्या मागं काही म्हणायचं उरलंच नव्हतं. मला फक्त त्यांना नंतर सांगायचं होतं की हा माणूस काय म्हणतोय, आणि बाबांना एकेक शब्द नको होता. म्हणून मी ओळ पूर्ण होईपर्यंत थांबलो. क्रियापद शेवटी आलं. ते आल्यावर आधीचं सगळं आपोआप जागेवर बसलं, जसं शेवटचा माणूस आत आल्यावर दार लावून घ्यावं.

गाणं संपलं. बाबांनी डोळे उघडले. "काय म्हणून राह्यला होता तो?"

"बाप आहे. पोरगी शहरात गेली आहे. तो तिला सांगतो की अंगणातल्या झाडाला फळं लागली."

"कायचं झाड?"

"आपल्याकडे नसतं. तेंदूच्या टेंभरासारखं फळ, पण मोठं आणि केशरी."

"मंग?"

"पाखरं खाऊन राहिली म्हणतो. लवकर ये."

"मंग हाकलत काहून नाही तो पाखरं?"

"बाबा, ते गाणं आहे."

"गाणं हाये म्हणून का पाखरायनं खाऊन घ्यावं?" बाबा थोडा वेळ अंगणाकडे बघत बसले. आमच्या अंगणात फक्त एक लिंबाचं झाड आहे. मग त्यांनी विचारलं, "येते का मंग पोरगी?"

"गाण्यात नाही सांगितलं."

"हं," ते म्हणाले. आणि मग, "लाव परत."

आईनं आतून हाक मारली तरी आम्ही उठलो नाही. त्या संध्याकाळी ते गाणं आम्ही पुन्हा पुन्हा ऐकलं. अंधार उतरत होता, शेजारी मुलं फुलबाज्या लावत होती, आणि आमच्या ओट्यावर एक जपानी बाप आपल्या लेकीला झाडाची खबर देत होता. ते समुद्रापलीकडचं अंगण मला आमच्याच घराच्या मागं असल्यासारखं वाटलं.

पुण्याला परत आल्यावर संध्याकाळी बाबांचा फोन यायला लागला. "जेवला का" विचारून झालं की ते विचारायचे, "आज कोणतं हाये?" मी भावाच्या फोनवर गाणं लावायचो आणि माझा फोन त्याच्याशेजारी धरायचो. पलीकडून खरखर आणि बाबांचा हुंकार. मग मी सांगायचो. कधी चुकीचंही सांगितलं असेल, तपासणारं कुणी नव्हतं. एकदा मी म्हणालो, या गाण्यात कुणी कुणाला काहीच सांगत नाही, नुसतं बर्फ पडतंय. बाबा म्हणाले, "तेबी बरं हाये." भाऊ मला म्हणायचा, "दोघायचंबी डोकं फिरलं हाये."

वर्गात बाईंनी मला हळूहळू खडीसाखर द्यायचं बंद केलं. एकदाच म्हणाल्या, "आता पाहुण्यांसाठी ठेवते."

परीक्षेच्या दिवशी थंडी होती. ऐकण्याच्या भागात गाणी अर्थातच नव्हती. कुठल्याशा ऑफिसातल्या दोघांची बोलणी, स्टेशनावरची सूचना, दुकानात छत्री परत करणारी बाई. कोरडे आवाज, प्रत्येक एकदाच. पहिल्या प्रश्नाला मी मनात ओळ म्हणायला लागलो होतो. तेवढ्यात वाटलं, ही बाई छत्री का परत करते आहे हे बाबांना सांगायचंय. मग मी थांबलो, आणि ती बोलत राहिली. मधला एक प्रश्न पूर्ण गेला, कारण माझ्या मागचा मुलगा खरंच खोकला. बाकीचं कळलं की कळल्यासारखं वाटलं, ते मला सांगता येत नव्हतं. बाहेर आलो तेव्हा शहर कुठल्या तरी दुसऱ्याच भाषेत चाललं होतं आणि मला ते बरं वाटत होतं.

निकालाला वेळ लागतो. मांजरीला ऊसतोड सुरू झाली. आमच्या खिडकीसमोरचा ऊस गेला आणि एकदम लांबपर्यंत दिसायला लागलं. मोकळी माती, त्यावर बगळे, आणि पलीकडे कधी न दिसलेल्या इमारती. कृषी केंद्राचे मालक बाबांना विचारत होते, येतो का तुमचा पोरगा? बाबा संक्रांत होऊ द्या म्हणाले. संक्रांत झाली. मग म्हणाले, अजून थोडं थांबा. मला ते आईकडून कळलं, बाबांनी स्वतः विषय काढला नाही. चाकणचा मुलगाही विचारायचा. शिकाऊंची एक जागा होती, आणि त्याचे साहेब निकाल पाहिल्याशिवाय बोलायला तयार नव्हते. मी वर्गाला जात राहिलो. बाई नवीन गाणं लावायच्या, पंखा बंद करायच्या.

निकालाच्या दिवशी सकाळपासून माझ्या फोनवर पान उघडत नव्हतं. पांढरा पडदा आणि त्यात फिरणारं चक्र. शेवटी मी माझा नंबर आणि पासवर्ड वर्गातल्या शेजारच्या मुलीला पाठवून दिला. तिच्या ऑफिसात नेट चांगलं होतं. मग मी बसमध्ये चढलो, कारण खोलीत बसवत नव्हतं. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. बस भरलेली होती. खांबाला धरून उभा होतो आणि खिडकीतून हडपसर जाताना पाहत होतो, नेहमीचंच, तरी जणू पहिल्यांदा. फोन वाजला तो पुलगेटच्या आसपास.

"कुठायस?"

"बसमध्ये."

"बसलायस का उभायस?"

"उभा. का?"

"काही नाही, धरून उभा राहा. इथे पण साइट तीनदा बंद पडली माझी, बॉस मागं येऊन उभा राहिला, म्हणाला काय चाललंय. मी म्हटलं इमर्जन्सी आहे. थांब हं, आता नीट वाचते."

ती कागद वाचावा तशी एकेक भाग वाचत गेली. वाचन, व्याकरण. मग थांबली. बसवाल्यानं ब्रेक मारला, कुणाची तरी पिशवी माझ्या पायावर पडली.

"लिसनिंग," ती म्हणाली. "पाहिजेत त्याच्या जेमतेम वर आहेत, पण वर आहेत. आणि टोटलपण झाली. पास आहेस रे तू. आता बाईंना तू सांगतोस की मी सांगू?"